नावेचा कुजका तळ

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. भंडारा जिल्हा हा धानाचा जिल्हा, तळ्यांचा जिल्हा. इथे बियाण्याविषयी बोलावे, रोवणीविषयी बोलावे. नावेच्या दुरुस्तीचे इथे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. पण क्षणभर मोहाडी तालुक्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. वैनगंगेने या तालुक्याचे सरळ दोन भाग पाडले आहेत. मोहाडी आणि आंधळगाव नदीच्या अलीकडे, करडी आणि मुंढरी पलीकडे. शिवाय जुन्या मालगुजारी तळ्यांची माळ आहेच. मालगुजारी १९५१ साली गेली, तळी राहिली. आणि त्या तळ्यांवर, त्या नदीवर पोट भरणारा ढिवर समाजही राहिला. त्याच्या दृष्टीने नाव म्हणजे शेतकऱ्याची बैलजोडी. बैल बसला की नांगर थांबतो, नाव बसली की चूल थांबते.

दुसरीही एक गोष्ट आहे. २०२० सालच्या ऑगस्टअखेर वैनगंगेला मोठा पूर आला. मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे पाणी सोडलेले, त्यात पावसाची भर, आणि भंडारा शहरासह नदीकाठची गावेच्या गावे पाण्यात गेली. त्या दिवसांत माणसे बाहेर काढली ती नावांनी. तेव्हा नाव ही केवळ ढिवराची वस्तू नव्हे. वेळ आली म्हणजे ती साऱ्या गावाची वस्तू होते. आणि अशी वेळ सांगून येत नाही.

पूर्वी नाव लाकडाची असे. सागाच्या फळ्या, सांध्यात कापूस, वरून राळ आणि तेल. दरवर्षी उन्हाळ्यात तिची डागडुजी करावी लागे. मग फायबरची नाव आली. वजनाला हलकी, दिसायला चकचकीत, सांधा नाही, फट नाही. आता शासनाच्या योजनांतूनही मच्छीमारांना अशा नावांसाठी साहाय्य मिळते. २०२० साली सुरू झालेली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना त्यांपैकीच एक. लोकांना वाटले, सुटलो! ही नाव कुजणार नाही, गंजणार नाही, हिला वाळवी लागणार नाही. आणि पाच-सात वर्षांनी एक दिवस नावेत उभे राहिले की पायाखाली काहीतरी दबते आहे, असे वाटू लागते. गालिच्यावर पाय ठेवावा तसे. मग माणूस म्हणतो, "गुरुजी, वरून तं नाव नवीनच दिसते जी, मंग पाय काहून धसते?"

या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच माझे आजचे भाषण. आधी असे का होते ते पाहू, मग दुरुस्ती कशी करावयाची ते.

ज्याला आपण फायबर म्हणतो ते म्हणजे काचेचे तंतू आणि रेझिन नावाचा चिकट रस यांची जोडी. काच आणि तीही धाग्यासारखी, हे ऐकायला विचित्र वाटते; पण काच वितळवून तिचे केसाहूनही बारीक तंतू काढता येतात. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत हे तंतू मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले, आणि १९४० नंतरच्या दशकात त्यांच्या नावा बांधल्या गेल्या. आपल्याकडे मातीच्या भिंतीत तणस घालतात ना, तेच हे तत्त्व. माती दाब सोसते, तणस ताण सोसते. इथे रेझिन ही माती आणि काचेचे तंतू हे तणस.

आता नुसत्या फायबरचा पातळ पत्रा लवतो. माणसे उभी राहतील अशी घट्ट जमीन त्याची करावयाची तर तो फार जाड करावा लागेल, आणि मग वजन वाढेल, खर्चही वाढेल. म्हणून नाव बांधणारे एक युक्ती करतात. मध्ये प्लायवूडची फळी ठेवतात आणि तिच्या वर-खाली फायबरचे थर चढवतात. नावेचे बाहेरचे कवच बहुधा फायबरचे असते, पण पाय ठेवण्याची आतली जमीन, तिच्याखालच्या तुळया, बसण्याच्या पाट्या आणि यंत्र लावतात ती मागची फळी, यांच्या पोटात पुष्कळदा लाकूड दडलेले असते. आपल्याला ते दिसत नाही म्हणून आपण ते विसरतो.

शिक्षकबंधूंनी वर्गात एक प्रयोग करून दाखवावा. जुन्या पोस्टकार्डांची बोटभर जाडीची चळत घ्या आणि दोन्ही हातांनी वाकवा. ती सहज वाकते, कारण कार्डे एकमेकांवरून घसरतात. आता तेवढीच कार्डे खळ लावून चिकटवा, वजनाखाली दोन दिवस वाळू द्या आणि मग वाकवून पाहा. वाकता वाकणार नाहीत. फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट झाली की ताठपणा दुप्पट नव्हे, आठपट होतो. दोन सुट्या फळ्या एकीवर एक ठेवल्या तर ताठपणा दुप्पट. त्याच एकजीव चिकटवल्या तर आठपट. नावेच्या जमिनीत वरचा थर, मधले लाकूड आणि खालचा थर एकजीव असतात तोवर ती घट्ट असते. मधले लाकूड कुजून भुसा झाले की वरचा थर वेगळा, खालचा वेगळा. दोन्ही आपापले लवू लागतात. पाय धसतो तो यामुळे.

पण चहूबाजूंनी फायबर असताना लाकूड कुजते कसे? इथे कुजण्याचे मर्म समजून घेतले पाहिजे. लाकूड पाण्याने कुजत नाही. लाकूड बुरशीने कुजते. आणि बुरशीला चार गोष्टी लागतात. खायला लाकूड, श्वासाला हवा, बेताची ऊब आणि पुरेशी ओल. यांतली एक जरी काढून घेतली तरी तिचे चालत नाही. तुमच्या कुंपणाचा खांब आठवा. तो वर कुजत नाही, कारण तिथे ओल नाही. खूप खोल मातीतही तो उशिरा कुजतो, कारण तिथे हवा कमी. तो कुजतो बरोबर जमिनीलगत, जिथे ओलही आहे आणि हवाही आहे. पाटण्याजवळ कुम्हरार आणि बुलंदीबाग येथे उत्खनन झाले तेव्हा मौर्यकाळातले लाकूड ओल्या मातीखाली टिकून राहिलेले सापडले. दोन हजारांहून अधिक वर्षे ते राहिले, कारण त्याला हवा मिळाली नाही.

साधारण हिशेब असा की, लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या शेकडा २० पेक्षा कमी असेल तर बुरशी वाढत नाही. ती शेकडा ३० च्या आसपास गेली की बुरशीचे राज्य सुरू होते. हेही वर्गात दाखवता येईल. लाकडाचा ओला तुकडा तोला, मग पूर्ण वाळवून पुन्हा तोला. १३० ग्रॅमचा तुकडा वाळून १०० ग्रॅम भरला, तर त्यात शेकडा ३० ओल होती.

आता नावेकडे या. बसायची पाटी बसवताना कोणी चार स्क्रू मारले. जाळे अडकवायला कोणी एक हूक ठोकला. त्या प्रत्येक छिद्रातून पाणी थेंबाथेंबाने आत जाते. प्लायवूड ते पिऊन घेते, विशेषतः त्याच्या कापलेल्या कडा. आत गेलेले पाणी बाहेर कुठून येणार? वर फायबर, खाली फायबर. ओले धान कापून पुंजणे रचले आणि वरून ताडपत्री घट्ट बांधली, तर काय होते ते तुम्हाला मी सांगायला नको. धान तापते, काळे पडते. बाहेरचा पाऊस अडवणारी ताडपत्रीच आतली ओल कोंडून धरते. फायबरच्या पोटातल्या लाकडाचे नेमके हेच होते. लाकडी नाव उघड्यावर वाळत तरी असे. ही वाळतच नाही. आणि यातली वाईट गोष्ट अशी की, लाकूड डोळ्यांना कुजके दिसू लागण्याच्या पुष्कळ आधीच त्याची ताकद गेलेली असते.

तेव्हा पहिले काम म्हणजे रोग किती पसरला आहे ते शोधणे. त्याला यंत्र लागत नाही. बाजारात माठ घेताना आपल्या घरची बाई काय करते? बोटाने वाजवून पाहते. तसेच हातोडीच्या दांड्याने किंवा जाडशा नाण्याने नावेची जमीन वितीवितीवर वाजवा. चांगल्या जागी खणखणीत 'टण्' असा आवाज येईल, कुजलेल्या जागी 'धब्' असा बसका. खडूने खूण करीत चला. मग खुणेच्या कडेला बारीक भोक पाडून गिरमिटाला लागून येणारा चुरा पाहा. पांढुरका, कोरडा, हलका चुरा आला तर लाकूड निरोगी. काळपट, ओला, कुबट वासाचा आला तर आणखी चार बोटे बाहेर सरका आणि पुन्हा भोक पाडा. कोरडा चुरा मिळेपर्यंत सरकत राहा. पाय धसतो तेवढीच जागा कुजली आहे असे समजू नका. रोग बहुधा त्याहून पुष्कळ पुढे गेलेला असतो.

दुसरे काम, पाणी आले कुठून ते शोधणे. हे न करता केलेली दुरुस्ती म्हणजे छपराचे भोक तसेच ठेवून खालची जमीन सारवण्यासारखे. स्क्रूची छिद्रे, काठावरची भेग, पाट्यांचे सांधे, सगळे नीट पाहा आणि लिहून ठेवा.

तिसरे काम कापण्याचे. कापताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. करवतीचे पाते तेवढेच खोल ठेवा की, वरचा थर आणि फळी कापली जाईल, पण खालच्या थराला आणि बाहेरच्या कवचाला धक्का लागणार नाही. नावेचा बाहेरचा तळ कापला गेला तर दुरुस्तीचे काम बाजूलाच राहील. आणि चौकोन असा आखा की, त्याच्या शक्यतो दोन कडा खालच्या तुळयांवर येतील. नव्या फळीला टेकू मिळाला पाहिजे. कोपरे टोकदार न ठेवता गोल करा, कारण टोकदार कोपऱ्यातून भेग सुरू होते.

वरचा थर उचलला की कुजके लाकूड हाताने निघेल, कधीकधी ओल्या चहापत्तीसारखे. ते सर्व खरवडून काढा आणि कडेचे चांगले दिसणारे लाकूडही दोन-तीन इंच काढून टाका, कारण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा पुढे गेलेले असतात. मग पटाशीच्या टोकाने तुळया टोचून पाहा. टोक सहज आत गेले तर तुळईही गेली, असे समजा. काही नावांत जमिनीखाली फेस भरलेला असतो, नाव पाण्याने भरली तरी तरंगावी म्हणून. तो दाबून पाहा. तो पाणी प्यालेला असेल तर काढलाच पाहिजे. एक घनफूट पाण्याचे वजन सुमारे २८ किलो. चार घनफूट फेस पाण्याने भरला तर नावेवर सुमारे ११३ किलोंचा बोजा, म्हणजे दोन धडधाकट माणसे फुकट बसवून नेल्यासारखे. तारणारी वस्तूच बुडवू लागते, ती अशी.

आता चौथे काम, आणि सर्वांत जास्त घाई होते ती इथेच. ते काम म्हणजे वाळवणे. आपल्या वैशाखाच्या उन्हासारखा वाळवणारा कारागीर दुसरा नाही, आणि तो मजुरीही मागत नाही. दिवसा उघडे ठेवा, रात्री दव पडत असेल तर झाका. किती दिवस? ठरलेला आकडा नाही. एक साधी कसोटी सांगतो. वाळलेल्या भागावर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा, चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि एक रात्र व दुसऱ्या दिवसाचे ऊन जाऊ द्या. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला घाम आला तर अजून ओल आहे. घाम आला नाही तर पुढे चला. ओल्या लाकडावर रेझिन चढवणे म्हणजे रोग्याला घरात कोंडून बाहेरून कुलूप लावणे.

पाचवे काम घासण्याचे. जुन्या फायबरच्या कडा ८० नंबरच्या किंवा त्याहून खरखरीत कागदाने घासून उतरत्या करा. जुना थर जितका जाड, त्याच्या साधारण बारापट रुंदीचा हा उतार असावा. थर ३ मिलिमीटरचा असेल तर उतार ३६ मिलिमीटरचा, म्हणजे दीड इंचाच्या आसपास. नवे आणि जुने यांची गाठ याच उतारावर पडते. रंग, तेल, माशांचा ओशटपणा राहिला तर ती गाठ सुटेल. घासताना उडणारी धूळ ही काचेची धूळ आहे. नाकातोंडावर चांगला मुखवटा, डोळ्यांवर चष्मा, अंगात लांब बाह्यांचा सदरा. काम झाल्यावर थंड पाण्याने अंग धुवा, म्हणजे खाज कमी होईल. मुलांना जवळ फिरकू देऊ नका.

सहावे काम नवी फळी. बाजारात सगळे प्लायवूड सारखेच दिसते, पण सारखे नसते. भारतीय मानकाचा क्रमांक ७१० असलेले प्लायवूड पाण्यात वापरण्यासाठी असते. क्रमांक ३०३ चे घरातल्या सामानासाठी. फळीवरचा शिक्का वाचून घ्या. शंभर-दोनशे रुपये वाचवायला घरगुती फळी घातली, तर हे सारे काम पुन्हा करावे लागेल. फळी कापून दोन-तीन मिलिमीटर सैल बसेल अशी करा. मग तिच्या दोन्ही बाजूंना आणि विशेषतः चारी कडांना रेझिन पाजा. कडा पाणी पितात हे मघाशी सांगितलेच; त्यांना आधीच रेझिन पाजले की पाण्याला जागा उरत नाही.

रेझिन दोन प्रकारचे मिळते. पॉलिएस्टर स्वस्त, आपल्याकडच्या बहुतेक नावा त्याच्याच. इपॉक्सी महाग, पण लाकडाला अधिक घट्ट धरते. मात्र एक नियम पक्का ध्यानात ठेवा. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगले बसते. पण वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. म्हणून एक काय ते ठरवा आणि शेवटपर्यंत तेच वापरा. इपॉक्सी घेतले तर त्याबरोबर विणलेले काचकापड घ्या. सुट्या तंतूंची जी मॅट मिळते, तिला बांधून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. मग ती मॅट कडक राहते आणि नीट बसत नाही.

पॉलिएस्टर घेतले तर दोन बाटल्यांविषयी सावध करतो. एक कोबाल्टची, जांभळट रंगाची. दुसरी हार्डनरची, पाण्यासारखी. या दोन कधीही थेट एकमेकांत मिसळू नका. मिसळल्या तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. रेझिनमध्ये कोबाल्ट आधी पूर्ण ढवळून घ्यावे. पुष्कळदा ते कारखान्यातच घातलेले असते, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. काम सुरू करण्याच्या क्षणी मग हार्डनर घालावा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गेलाच तर पंधरा मिनिटांहून अधिक वेळ वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा आणि तडक दवाखाना गाठा. आणि जवळपास विडी नको, चूल नको. रेझिनची वाफ पेट घेते.

हार्डनरचे प्रमाण रेझिनच्या वजनाच्या शेकडा एक ते दोन. किलोला दहा ते वीस ग्रॅम. हे अंदाजाने ओतायचे काम नव्हे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. दुपारी कालवलेले रेझिन हातातल्या हातात दगड होते. म्हणून काम सकाळी, सावलीत, थोडे थोडे रेझिन कालवून करा. उरलेले रेझिन डब्यात तसेच ठेवू नका. जाड थरात ते तापून धुमसते. पावसाळी, दमट दिवशी तर हे काम हातीच घेऊ नका.

किती सामान लागेल? हा हिशेब सातवीच्या मुलांना घालण्यासारखा आहे. कापलेली जागा ६० सेंटिमीटर रुंद आणि ९० लांब आहे असे धरा. मॅट चारी बाजूंनी १० सेंटिमीटर बाहेर गेली पाहिजे, म्हणून ती ८० बाय ११०, म्हणजे ०.८८ चौरस मीटर. मॅट चौरस मीटरला ४५० ग्रॅमची असेल तर एका थराला जवळजवळ ४०० ग्रॅम मॅट. रेझिन मॅटच्या अडीचपट धरले तर एका थराला एक किलो. दोन थरांना दोन किलो, आणि फळीला पाजायला व खाली बसवायला आणखी एक. एकूण तीन किलो रेझिन आणि, शेकडा एकने, तीस ग्रॅम हार्डनर.

बसवण्याची रीत अशी. खालच्या थरावर आणि तुळयांवर घट्ट कालवलेल्या रेझिनचा लपका पसरा. नुसते पातळ रेझिन वाहून जाते. ते घट्ट करायला त्यात मिसळायची पूड मिळते, ती घाला. फळी त्यात दाबून बसवा. कडांतून लपका वर आला पाहिजे, म्हणजे खाली पोकळी राहिली नाही असे समजावे. वर वाळूची पोती ठेवा. घट्ट झाल्यावर फटी भरा, घासा आणि मग मॅटचे थर चढवा. आधी रेझिन, मग मॅट, मग रूळ किंवा ब्रशने दाबून हवा काढणे. मॅट भिजली की पारदर्शक होते. जिथे पांढरा डाग राहिला, तिथे हवा राहिली. तो दाबून घालवा. वरचा दुसरा थर पहिल्यापेक्षा थोडा रुंद असावा. शेवटी वरचा रंगीत थर, आणि तो ओला असतानाच त्यावर चिमूटचिमूट बारीक कोरडी वाळू भुरभुरा. ओल्या पायांना ती धरून ठेवील.

आता स्क्रू परत लावायचे आहेत ना? मग रोग आला त्याच दाराने तो पुन्हा येणार. त्यावर उपाय आहे. स्क्रूपेक्षा मोठे भोक पाडा, ते घट्ट रेझिनने पूर्ण भरा, वाळू द्या आणि त्या भरलेल्या भागाच्या मधोमध स्क्रूपुरते बारीक भोक पाडा. मग स्क्रूभोवती लाकूड उरतच नाही, सगळे रेझिन. पाणी आले तरी त्याला प्यायला कोणी नाही. खरे पाहता, नवी नाव आणल्याच्या दिवशीच हे केले तर बाकीचे सारे भाषण ऐकण्याचे कारण उरणार नाही.

कोणती दुरुस्ती घरी करू नये, हेही सांगितले पाहिजे. आतली जमीन हातभर कुजली आहे, तुळया शाबूत आहेत, अशी नाव तुम्ही दुरुस्त करू शकता. पण बाहेरचे कवच चिरले असेल, तुळया लांबवर गेल्या असतील, किंवा यंत्र लावतात ती मागची फळी मऊ झाली असेल, तर ती नाव जाणत्या कारागिराकडे न्या. तोवर तिच्यात माणसे बसवू नका. माशांचे नुकसान भरून काढता येते. २०२४ च्या जानेवारीत याच वैनगंगेवर, खाली गडचिरोली जिल्ह्यात, मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या बायकांची नाव उलटली आणि काही जणी परत आल्या नाहीत. ती नाव कुजकी होती असे माझे म्हणणे नाही. पण नावेत पाय ठेवणारा माणूस नावेवर किती भरवसा टाकतो, आणि तो भरवसा किती मोलाचा असतो, हे त्या दिवसाने दाखवले.

शेवटी निगराणीविषयी दोन शब्द. ज्या नावा रोज चालतात त्यांच्याकडे मालकाचे लक्ष असते. भीती वाटते ती आणीबाणीसाठी म्हणून आणून ठेवलेल्या नावांची. त्या वर्षभर गोदामाच्या मागे उताण्या पडलेल्या असतात, आत पावसाचे पाणी साचलेले, त्यात पाला कुजलेला, वर ताडपत्री. पूर येतो त्या दिवशी त्यांची आठवण होते. नाव ठेवायची ती विटांवर पालथी, खालून वारा खेळेल अशी. पाणी जायचे भोक असेल त्याचे बूच काढून ठेवावे. ताडपत्री घातली तरी अंगाला चिकटू देऊ नये.

मृग निघायला अजून अवकाश असेल तोवर, शिक्षकबंधूंनो, एखाद्या रविवारी मुलांना घेऊन गावच्या घाटावर किंवा तळ्याच्या पाळीवर जा. नावेच्या मालकाला विचारून मुलांच्या हाती एकेक नाणे द्या आणि नावेची जमीन वाजवायला सांगा. 'टण्' कुठे आणि 'धब्' कुठे, हे त्यांच्या कानांना लगेच कळेल. जिथे 'धब्' आले तिथे खडूची खूण करा आणि वहीत तारीख घाला. पुढच्या वर्षी त्याच जागा पुन्हा वाजवून पाहा. खूण वाढली की नाही, ते वहीच सांगेल. आणि वाढली असेल, तर पूर येण्याच्या आधीच सांगेल.